गुल्लर नाल्याची साक्ष

‘‘वाघ नाही म्हणायचं,’’ मुंगीलालने पुन्हा एकदा बजावलं. ‘‘कधीतरी होता, आता दिसत नाही, असले फाटे कोणी फोडायचे नाहीत. नाही म्हणजे नाही.’’

शाळेच्या ओट्यावर गाव गोळा झालं होतं. मुंगीलाल जांभेकर आमच्या सालईखेड्याचा सरपंच. त्याच्या बाजूला, माझ्याच वर्गातल्या खुर्चीवर, रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस बसला होता. काळमेघ त्याचं नाव. अमरावतीकडचा, बोलायला गोड आणि घाईचा. दुसऱ्या दिवशी पाहणी समिती येणार होती. सालईखेड्यापासून धारणीच्या सडकेपर्यंतचा रस्ता सगळा मेळघाटच्या जंगलातून जायचा, आणि जंगली जनावरांना त्याने किती त्रास होईल हे बघितल्याशिवाय परवानगी मिळणार नव्हती.

‘‘मास्तर, यायले नीट समजावून सांगा,’’ काळमेघ मला म्हणाला. ‘‘उद्या ते इचारतीन, गुल्लर नाल्यापाशी वाघ येते का? येते म्हटलं का संपलं. मंग म्हनतीन, जनावरासाठी खालून वाट सोडा, वरून उंच पूल बांधा. नकाशा पुन्हा, मंजुरी पुन्हा. आमची कंपनी काई तोवर बसून राहत नाही. मशिनी उचलू अन् जाऊ. तुमी वाहा मंग पेशंट खाटेवर.’’

मी ते कोरकूत, आमच्या बोलीत, सांगितलं. सांगायची तशी गरज नव्हती. खाटेचं नाव निघालं तेव्हाच बायकांनी माना खाली घातल्या होत्या.

आदल्या श्रावणात माझी धाकटी बहीण फुलवंती त्या खाटेवर गेली. बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि अडल्या. खाटेला बांबू बांधून आम्ही निघालो, मी डोक्याकडे, बा पायाकडे, आणखी दोघं मध्ये. गुल्लर नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. पाणी उतरायची वाट बघत आम्ही अलीकडे उभे राहिलो. ती सारखी विचारत होती, उतरलं का? मी म्हणत होतो, उतरतंय. पाणी उतरलं तेव्हा ती विचारायची थांबली होती. पोटातलं लेकरूही तिच्याबरोबरच गेलं.

त्यामुळे काळमेघ जे सांगत होता ते मला चुकीचं वाटत नव्हतं. उलट, कोणी काय बोलायचं ते मीच दोघातिघांना घोकून दिलं. रस्ता व्हायला हवा, एवढंच मला कळत होतं.

बा ओट्याच्या कडेला बसून तंबाखू मळत होता. 

माझा बा, लाभू मावस्कर, गावाचा भूमका. म्हणजे देवाधर्माचं बघणारा. पेरणीआधीची पूजा त्याची, गावाची शीव बांधायची ती त्याने. नाल्याच्या उताराला सागाचा एक जुना खांब रोवलेला आहे, त्यावर वाघ कोरलेला, शेंदूर माखलेला. वाघाला आम्ही कुलामामा म्हणतो. मामा म्हणजे नात्यातलाच. गुरं रानात जायला लागली की बा तिथे नारळ फोडायचा आणि त्याच्याशी बोलायचा, एखाद्या भांडकुदळ शेजाऱ्याशी बोलावं तसा. लहानपणी मला त्याची मजा वाटायची. अमरावतीला शिकून आल्यावर लाज वाटायला लागली. मग फुलवंती गेली, आणि काहीच वाटेनासं झालं.

संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, ‘‘बा, उद्या तू वावरात जा. तूर उपटायची राहिलीय.’’

‘‘तूर कुठं पळते?’’

‘‘तिथं तुझं काही काम नाही.’’

‘‘मला बोलावलंय का कोणी?’’ तो म्हणाला. ‘‘नाही बोलावलं तर नाही बोलणार.’’

समिती आली तेव्हा पौषातलं ऊन चांगलं वर आलं होतं. तिघं होते. एक वन खात्याचे साहेब, एक बांधकामाचे इंजिनिअर आणि डॉक्टर केतकी रानडे म्हणून एक बाई. डॉक्टर म्हणजे औषधाच्या नव्हे, जनावरांचा अभ्यास करणाऱ्या. पन्नाशीच्या होत्या, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज बसलेला. नाल्याच्या अलीकडेच सभा भरली. बाई म्हणाल्या, ‘‘ज्याला जी भाषा येते त्यात बोला. मास्तर आम्हाला सांगतील.’’ माझं नाव काळमेघनेच सुचवलं होतं.

एकेक जण उठला. रस्ता पाहिजे. आजाऱ्याला न्यायला पाहिजे. पोरांना शाळेला जायला पाहिजे. वाघ? वाघ नाही. पुढचा उठला, वाघ नाही. एका म्हातारीने तर कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, आणि मुंगीलालने कपाळाला हात लावला. मी सगळं मराठीत सांगत गेलो. बाई लिहीत नव्हत्या. पेनचं टोपण काढायच्या, लावायच्या. इंजिनिअर घड्याळ बघत होते. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि तरी ते पडत चाललंय असं मला आतून जाणवत होतं. शिकवलेला धडा पोरं म्हणून दाखवतात तेव्हा इन्स्पेक्टरला कळतंच की.

बाईंची नजर उताराकडे गेली.

‘‘तो खांब कसला?’’

मुंगीलालने चटकन माझ्याकडे बघितलं.

‘‘वाघाचं ठाणं आहे ना ते? शेंदूर ताजा दिसतोय. पूजा कोण करतं?’’

गावाने खाली बघितलं. पण एवढ्या माणसांमधल्या दोघातिघांची नजर नकळत माझ्या बाच्या दिशेने गेलीच. बाईंनी ती पकडली. ‘‘बाबा, तुम्ही?’’ त्या म्हणाल्या. ‘‘या ना पुढे.’’

बा उठला. धोतर झटकलं. मुंगीलाल कोरकूत दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘काका, सांभाळून. तुझ्या पोरीची आठवण ठेव.’’

‘‘यांना विचारा,’’ बाई मला म्हणाल्या, ‘‘वाघ इथून जातो का.’’

मी विचारलं. बा थोडा वेळ नाल्याकडे बघत राहिला. मग बोलायला लागला. हळूच बोलला, पण नाल्यापाशी आवाज घुमतो, शेवटच्या माणसापर्यंत गेला.

तो म्हणाला, ‘‘रस्ता करा. माझी पोर या इथं खाटेवर मेली, मी तिच्या पायाशी उभा होतो. तिचे पाय गार झालेले मला आधी कळले, मी कोणाला सांगितलं नाही. रस्ता पाहिजे. पण तुम्ही कुलामामाचं विचारता. तो येतो. इथूनच उतरतो, इथूनच पलीकडे चढतो. सध्या वाघीण आहे, दोन पिल्लं घेऊन. मी रोज त्याला म्हणतो, तू तुझ्या वाटेने जा, आम्हाला आमच्या वाटेने जाऊ दे. त्याच्या तोंडावर असं म्हणायचं आणि त्याच्या पाठीमागे तुम्हाला सांगायचं की तो नाहीच? तसं मला जमत नाही. त्यालाही वाट ठेवा, आम्हालाही द्या.’’

तो थांबला.  सगळ्या गावाला कळलं होतं बा काय बोलला ते. कळलं नव्हतं फक्त त्या तिघांना, ज्यांना कळायला हवं होतं.

मी तोंड उघडायच्या आत मुंगीलाल पुढे झाला. मराठीत म्हणाला, ‘‘म्हातारा म्हणतो, रस्ता पाहिजे. त्याची पोरगी इथंच वारली.’’

खोटं नव्हतं त्यात काही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘‘एवढंच म्हणाले? बराच वेळ बोलत होते.’’

मी बाच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं तो रागाने बघत असेल, नाहीतर विनवणीने. तसं काही नव्हतं. तो दमला होता. कोरकूत म्हणाला, ‘‘मी माझं बोललो. तुला काय सांगायचं ते तू सांग. दोन्हीकडून मी तुझा बाच आहे.’’

पुढचं मी का केलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. फुलवंती डोळ्यांपुढे होती. काळमेघ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण बाच्या बोलण्यातलं निम्मं निवडायचं म्हटलं तर फुलवंतीचं निम्मंही माझ्या तोंडातून निघेना. ते दोन्ही त्याने एका दमात सांगितलं होतं. मी पहिल्यापासून सुरुवात केली. पाय गार झाल्याचं सांगताना माझा आवाज फुटला, कारण तेही मला तेव्हाच, त्या सभेतच कळत होतं. मग वाघाचं सांगितलं. पिल्लांचंही. शेवटी ‘त्यालाही वाट ठेवा, आम्हालाही द्या’ एवढं सांगून मी खाली बसलो.

बाई आता लिहीत होत्या.

‘‘ती जागा दाखवाल?’’ त्यांनी बाला विचारलं. बा पुढे आणि ती तिघं मागे, नाल्यात उतरली. गावातलं कोणी त्यांच्याबरोबर गेलं नाही. काळमेघ जीपमध्ये जाऊन बसला आणि दार एवढ्या जोरात लावलं की गुरं बुजली.

मुंगीलाल माझ्याजवळ आला. आम्ही बरोबर वाढलेलो, रानातली चारं-टेंभरं बरोबर तोडून खाल्लेली. तो म्हणाला, ‘‘मोतीराम, आता पुढच्या खाटेला खांदा तू एकटा दे.’’

त्या दिवसापासून गावाने आमच्याशी बोलणं टाकलं. पोरं शाळेत यायची, कारण खिचडी शाळेत मिळायची, पण हाजरीला ‘हाजीर’ म्हणायच्या पलीकडे त्यांच्या घरातून माझ्यापर्यंत शब्द येत नव्हता. होळीला आमच्यात सगळं गाव दारोदार नाचत फगवा मागतं. आमच्या दारावरून ढोलकी सरळ पुढे गेली. पेरणीआधी शेजारच्या गावातून दुसरा भूमका आणला. बाने ते बघितलं आणि म्हणाला, ‘‘मंत्र चुकतोय तो.’’ एवढंच. पण त्या दिवशी तो जेवला नाही.

उन्हाळ्यात बातमी आली. होता त्या नकाशाला परवानगी नाही. नाल्यावर उंच पूल, खालून जनावरांना मोकळी वाट, असा नवा नकाशा करून आणा. काळमेघ शेवटचा आला तो मशिनी न्यायला. पारावर उभा राहून मोठ्याने म्हणाला, ‘‘तुमच्या म्हाताऱ्यानं अन् मास्तरानं गावाचा रस्ता खाल्ला. मले काय, मले दुसरीकडं काम आहे.’’ त्याने टाकलेल्या गिट्टीच्या ढिगावर पावसाळ्यात गवत उगवलं.

त्याच पावसाळ्यात मुंगीलालच्या सुनेचे, रामकलीचे दिवस भरले. पहिलंच बाळंतपण. भर दुपारी तिच्या घरातून ओरडणं ऐकू यायला लागलं. गावची आशाताई म्हणाली, मूल आडवं आहे, इथे काही व्हायचं नाही. अंगणात खाट निघाली, बांबू बांधले. पाऊस पडतच होता.

बा उठला आणि चालायला लागला. मी मागोमाग. मुंगीलालच्या अंगणात जाऊन बाने पायाकडचा बांबू धरला.

‘‘हात काढ,’’ मुंगीलाल म्हणाला.

‘‘चौघांनी नाही व्हायचं, चिखल आहे. बदली लागेल.’’

‘‘काका, हात काढ म्हणतो ना!’’

बाने हात काढला. खाट उचलली गेली. आम्ही दोघं मागे चालत राहिलो, बोलावलं नाही तरी. वाटेत मुंगीलालचा पुतण्या घसरून पडला, पायाला लागलं. त्याच्या जागी मी घुसलो, तेव्हा कोणी काही बोललं नाही. पण बाला शेवटपर्यंत कोणी बांबू दिला नाही. तो रामकलीवर धरलेल्या ताडपत्रीचं एक टोक उचलून, वाकून चालत होता.

नाला भरलेला होता. कसा होता ते मी सांगत नाही. मागच्यासारखाच होता. तासाभराने दोर बांधून आम्ही छातीएवढ्या पाण्यातून खाट डोक्यावर घेऊन पार केली. पुढे सडकेवर गाडी मिळाली. रामकली वाचली. मुलगा होता, तो वाचला नाही. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायला हवं होतं.

दवाखान्याच्या पायरीवर मुंगीलाल माझ्याजवळ येऊन बसला. कितीतरी महिन्यांनी तो माझ्याशी बोलत होता. आवाजात राग नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

‘‘एक विचारतो,’’ तो म्हणाला. ‘‘मी सांगितलं होतं तेवढ्यावर तू गप्प बसला असतास, तर आज रस्ता असता ना रे?’’

 असताही, असं मलाही वाटत होतं. बा समोर भिंतीला टेकून उभा होता, अंगावरचं पाणी निथळत. त्याने ऐकलं. त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. खांबाला शेंदूर मात्र लावत राहिला, तोही कोणाच्या नजरेला पडू नये अशा वेळी. पुढच्या थंडीत खोकला धरला आणि माघ संपायच्या आत गेला. त्याला पोचवायला गाव आलं, नियम म्हणून. खड्ड्यात मूठमूठ माती टाकली आणि परत फिरलं.

रस्ता झाला, त्यानंतर दोन पावसाळे जाऊन. वेगळी कंपनी, नवा नकाशा. गुल्लर नाल्यावर उंच पूल आला, खांबांमधून खाली एवढी मोकळी जागा की गवा सहज जावा. फार मोठा कार्यक्रम झाला नाही. आमदार आले, नारळ फुटला, पेढे वाटले. गर्दी पांगल्यावर बघतो तर पुलाखाली कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई वाकून वाळू बघत होती. डॉक्टर रानडे. केस पांढरे झाले होते. मी जाऊन नमस्कार केला.

‘‘मास्तर! तुमचे वडील कुठे आहेत? त्यांनाच भेटायला आलेय खरं तर.’’

मी सांगितलं. त्या पुन्हा वाळूकडे वाकल्या. मग त्यांनी वाळूतला एक ठसा दाखवला. वाघाचा. आदल्या रात्रीचाच असावा.

‘‘तुमच्या वडिलांमुळे हा पूल उभा आहे,’’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘‘गावात म्हणतात, त्यांच्यामुळे रस्ता थांबला होता.’’

‘‘त्यांच्यामुळे?’’ त्यांनी नवलाने माझ्याकडे बघितलं. ‘‘अहो, वाघीण आणि पिल्लांचे फोटो आम्ही आलो तेव्हा माझ्या पिशवीतच होते. वन खात्याच्या कॅमेऱ्यातले. रस्ता साफ नाकारायचा, असं आमचं येतानाच जवळजवळ ठरलं होतं. त्यात सगळं गाव एका सुरात सांगायला लागलं, वाघ नाही. हे पढवलेलं आहे, ते कळत होतं. मग वाटायला लागलं, रस्त्याची गरज आहे म्हणतात तेही पढवलेलंच असेल. ठेकेदाराला रस्ता हवाय, गावाला नाही. तुमच्या वडिलांनी वाघाचं खरं सांगितलं, म्हणून मुलीचंही खरं मानलं आम्ही. त्या रात्री आम्ही तिघांनी वाद घातला. नाकारू नका, पूल करून द्या, असं शेवटी लिहिलं. ते नसते बोलले, तर या नाल्यावर आज काहीच नसतं. कधीच नसतं.’’

 पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बाला सांगायला हवं. मग आठवलं.

मी तिथून सरळ मुंगीलालकडे गेलो. तो ओसरीवर बसला होता, सरपंचकी गेलेली, गुडघे धरलेले. बाई जे बोलल्या ते मी शब्दाला शब्द सांगितलं.  संपल्यावर त्याने विचारलं, ‘‘काकाला माहीत होतं हे? फोटोचं?’’

‘‘कसं माहीत असणार?’’

‘‘म्हणजे नुसताच बोलला तो.’’

‘‘हो.’’

मुंगीलालने तोंडावरून हात फिरवला. समोरून नव्या रस्त्याने धारणीची पहिली एसटी हॉर्न वाजवत चालली होती, पोरं तिच्यामागे धावत होती. तिकडे तो बघत राहिला, ती वळणाआड जाईपर्यंत.

‘‘मी उद्या गावाला सांगेन,’’ मी म्हटलं. ‘‘ग्रामसभेत. बाचं नाव...’’

‘‘नको,’’ तो म्हणाला.

‘‘का?’’

त्याने घराच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘रामकलीला दुसरं लेकरू झालं नाही, तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणतो, होणारही नाही. एवढी वर्षं ती म्हणते, लाभू भूमक्याने माझं पोर खाल्लं. सकाळी उठून म्हणते, आणि कामाला लागते. आता तिला जाऊन सांगू, की कोणाचाच दोष नव्हता? की आमचा होता, आम्ही खोटं बोलायला निघालो होतो म्हणून? ती काय करेल मग, मोतीराम? कोणाचं नाव घेईल?’’

मीही दाराकडे बघितलं.

‘‘काका आता नाही,’’ तो म्हणाला. ‘‘त्याला काही लागत नाही. राहू दे त्याच्यावर.’’

आतून भांड्यांचा आवाज आला. रामकली चहा घेऊन बाहेर आली. सासऱ्यापुढे कप ठेवला, माझ्यापुढे ठेवला. माझ्याकडे तिने बघितलं नाही, कधी बघत नसेच. बाईंनी सांगितलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं, मराठीतही आणि कोरकूतही. ती पदर सावरून आत गेली.

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.